आम्ही की आपण?

२०१८ साली सौभाग्यवतीची बदली मनिलास झाली आणि मी बिनपगारी रजा टाकून तिच्यामागून गेलो. (यावर स्टाफरूममध्ये झालेले विनोद इथे देत नाही.) वीस वर्षे दुसऱ्यांचे मराठी सुधारीत आलेला मी, पण जीपनी थांबवता येईना म्हणून रोज घर मागे टाकून जायचा आणि तंगडतोड करीत परत यायचा!

जीपनी म्हणजे आपल्या वडापची नटवी थोरली बहीण. भाडे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जाते. 'बायाद पो' म्हणून पैसे शेजाऱ्याच्या हाती ठेवायचे, उतरायचे झाले की 'पारा पो'! हा 'पो' मोठा गुणी. वडीलधाऱ्यांशी बोलताना तो गाळला, तर आजोबांना 'ए' म्हटल्यासारखे होते. १९८७ च्या राज्यघटनेने राष्ट्रभाषा ठरवलेली ही फिलिपिनो टागालोगवर उभी आहे. पण तिच्यात आपली माणसेही भेटतात. चेहऱ्याला 'मुखा', शिक्षकाला 'गुरो'. आता गुरू आणि गुरे यांच्या अधेमधे कुठेतरी आपला नंबर लागतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना आधीपासूनच ठाऊक असावे.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. सारी गल्ली त्यांना 'लोला' म्हणजे आजी म्हणे. अंगणात जेवत असल्या आणि मी समोरून गेलो, की हाक यायची, "काइन तायो!" चला, जेवू या. पहिल्या दिवशी मी खरोखरच खुर्ची ओढून बसलो! आपल्याकडे 'या जेवायला' म्हटले, की 'होऊ द्या सावकाश' म्हणून पुढे व्हायचे असते, हे तिथे कसे विसरलो कोण जाणे. बिचारीने हसतहसत वाढले.

दिवाळी आली. सौ.ने चकल्या तळल्या. मी पाठ केलेले वाक्य घेऊन लोलांच्या दारी गेलो, "काकाइन पो कामी!" त्यांनी मान डोलावली, हसल्या आणि हळूच दार लावून घेतले. आठ वाजले, नऊ वाजले. पाने मांडलेली, लोलांचा पत्ता नाही.

"बाबा, तुम्ही नक्की काय म्हणालात?" मुलीने विचारले. ती तिथल्या शाळेत जात होती. मी वाक्य म्हणून दाखवले. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, 'तायो' म्हणजे आपण. 'कामी' म्हणजे आम्ही. तुम्ही आजींना सांगून आलात, की आम्ही जेवणार आहोत!"

इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, म्हणून तिथला इंग्रज चुकला तर समजू शकते. पण 'आम्ही' आणि 'आपण' मी दरवर्षी एफ. वाय.च्या वर्गात फळ्यावर लिहितो!

तसाच अनवाणी धावलो. लोला निजायच्या तयारीत होत्या. "काइन पो तायो," मी म्हणालो, "तायो, तायो!"

त्या आल्या. दारातच मुलीने त्यांचा हात हाती घेऊन कपाळाला लावला, "मानो पो." लोला पाटावर बसू शकत नव्हत्या, म्हणून आम्ही सारेच टेबलाशी बसलो. चकली त्यांच्या दातांना झेपेना. ती त्यांनी वरणात बुडवली आणि "मासाराप!" म्हणत पानातले सारे संपवले.