144 गुणांचा कटऑफ कोणाच्या सोयीचा?

नीटचा निकाल लागला की क्लासच्या फ्लेक्सवर एकच शब्द मिरवतो: क्वालिफाय. वाकडमधल्या कितीतरी घरांत त्या शब्दावर पेढे वाटले जातात. मेडिकल प्रवेशाच्या पहिल्या राउंडची यादी लागते तेव्हा मात्र मुलाचे नाव कुठेच नसते.

2025 मध्ये खुल्या गटाचा पात्रता कटऑफ 720 पैकी 144 होता, म्हणजे अवघे 20 टक्के. नियम 50 पर्सेंटाइलचा आहे, राखीव गटांसाठी 40 चा. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेली निम्मी मुले ज्या गुणाच्या खाली राहतात, तो गुण. त्या वर्षी सुमारे 22 लाख मुले बसली आणि 12 लाखांहून जास्त पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास.

एवढी मुले पात्र ठरवून कोणाचे भले होते? पूर्वी प्रवेश परीक्षेत 50 टक्के गुणांची अट होती. नीट येताना तिच्या जागी पर्सेंटाइल आले आणि महागड्या जागांना गिऱ्हाईक मिळण्याची सोय झाली. सरकारी जागा थोडक्यात हुकलेली चाकणच्या कामगाराची मुलगी घरी बसते. तिच्याहून शे-दोनशे गुण कमी असलेला मुलगा वर्षाला वीस लाखांवर फी भरून डॉक्टर व्हायला जातो. हा उघड अन्याय आहे. 2023 मध्ये तर पदव्युत्तर नीटचा कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला.

जवळच्या कॉलेजाचा भरवसाही फसवा. पिंपरीचे डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज अभिमत विद्यापीठाचे आहे. तिथे महाराष्ट्रातल्या मुलांसाठीचा 85 टक्के कोटा लागू नाही, देशभरातून प्रवेश होतात. पुण्याच्या सरकारी बी. जे. मेडिकलमध्ये तो लागू आहे आणि त्या जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो.

गेल्या वर्षीच्या गुणांवरूनही अंदाज बांधू नये. 2024 च्या सुधारित निकालात 17 जणांना पैकीच्या पैकी गुण होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याला 686. पाहायची ती आपल्या प्रवर्गातली, राउंडनिहाय शेवटची ऑल इंडिया रँक.

पात्रतेसाठी पर्सेंटाइल नको, ठरावीक किमान गुण हवेत, ही मागणी प्रत्येक पालकाने आपल्या खासदाराकडे लेखी करावी. आणि क्लासची फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: फ्लेक्सवरच्या मुलांपैकी सरकारी कॉलेजात किती गेली? आकडा लेखी मिळाला नाही, तर पैसे भरू नयेत.