लाँच आली का हो?

परवा सांगलीतल्या एका दुकानाची निमंत्रणपत्रिका घरी आली. नव्या मिक्सरचे ‘भव्य लाँचिंग’ होते. बामणोलीकडचे आमचे एक वयस्क पाहुणे तेव्हा चहा घेत बसले होते. मी पत्रिका मोठ्याने वाचली, तसे त्यांनी शांतपणे विचारले, “मिक्सर पाण्यात कशापायी सोडत्यात?”

आम्ही सारे हसलो. पण पाहुण्यांचे काही चुकले नव्हते. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण झाले, शिवसागर भरला आणि काठची गावे पाण्याखाली गेली. कित्येक कुटुंबे दूर पांगली. जी डोंगरउतारावर वर सरकून राहिली, त्यांच्या वाटा बुडाल्या. सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या त्या पाण्यावर बामणोली, तापोळा आणि पलीकडचे कांदाटी खोरे यांना जोडणारी वाट म्हणजे लाँच. बाजारहाट, लग्नाचे वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सारे तिच्यातूनच. पुढे गाड्यांसाठी तराफे आले, वासोट्याला जाणारे हौशी पर्यटक आले. तरी लाँच चुकली की दिवस गेला, हा हिशेब बरीच वर्षे टिकला.

गंमत अशी, की इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. होडी या अर्थाच्या ‘लाँच’चा माग कोशकार पोर्तुगीज-स्पॅनिश खलाशांच्या मार्फत थेट मलाय भाषेपर्यंत नेतात, तिथे मूळ शब्दाचा अर्थ चपळ, वेगवान. ‘लाँच करणे’ मात्र फ्रेंचांकडून आले. त्याचे नाते भाल्याशी, म्हणजे फेकण्याशी. पुढे नवे जहाज पाण्यात लोटण्याला तो शब्द लागला आणि तिथून अग्निबाण, पुस्तक, साबण अशी त्याची चढती भाजणी सुरू झाली.

इंग्रजांनी आपल्या शब्दाचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न. आपल्याकडे मात्र जहाजाचे जलावतरण होते, अग्निबाणाचे प्रक्षेपण, पुस्तकाचे प्रकाशन, दुकानाचे उद्घाटन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथे नव्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग असतो. आता या साऱ्यांवर ‘लाँच’चे एकच झाकण! मी शुद्धीवाला नाही. कोयनाकाठची लाँच मला अस्सल मराठी वाटते. तिला ‘यंत्रनौका’ म्हणणाऱ्याला तापोळ्याच्या धक्क्यावर ती कोणी दाखवणारही नाही. माझी तक्रार दुसरीच आहे.

जहाज पाण्यात लोटले म्हणजे ते तयार झाले असे नसते. नुसता सांगाडा तरंगू लागतो; यंत्रे, तारा, शस्त्रे यांचे बरेच काम त्यानंतर होते. नव्या ‘विक्रांत’चे जलावतरण कोचीला ऑगस्ट २०१३ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. नऊ वर्षे! दर्यावर्दी माणूस या दोन दिवसांत गल्लत करत नाही. आपण करतो. ‘योजना लाँच झाली’ अशी बातमी वाचून कामच झाले, असे समजून आपण पान उलटतो.

याची किंमत नदीकाठाला ठाऊक आहे. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि खाली सांगलीत येते. २०१९ च्या महापुरात माणसे गच्चीवर बसून होडीची वाट पाहत होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. पाठोपाठ २०२१ चा पूर आला. पूर ओसरला की घोषणांना तोटा नसतो. गावात चांगली होडी आहे का, तिच्यात किती माणसे बसवायची, अंगात घालायची जाकिटे पुरेशी आहेत का, हे विचारायला कोणी फिरकले का? बातमीदारांनी ‘लाँच’ शब्द आवरून योजना जाहीर झाली, सुरू झाली की गावात पोचली, एवढे तीन शब्द नीट वापरले, तरी निम्मे काम होईल.

हे सारे मी पाहुण्यांना ऐकवत होतो. त्यांनी कप खाली ठेवला, पिशवी उचलली. “तुमचं बराबर हाय,” म्हणाले, “पर मला सातारची यष्टी गाठाय पायजे. न्हायतर सांजची लाँच चुकंल.”