निषिद्ध, पण कोणाला?

भारतीय संविधानाचा 17वा अनुच्छेद जेमतेम दोन वाक्यांचा आहे. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण ‘फॉरबिडन’ आहे, असे पहिले वाक्य सांगते. दुसरे वाक्य तिच्यातून कोणावर निर्बंध लादणे गुन्हा ठरवते. पुढे 23व्या अनुच्छेदात वेठबिगारी आणि माणसांच्या व्यापाराला मनाई करताना मात्र ‘प्रोहिबिटेड’ हा शब्द येतो.

मनाईचे वजन दोन्हीकडे सारखेच. पण प्रोहिबिट हे लॅटिनमधून आलेले, फलकांवर आणि नियमावलीत वावरणारे क्रियापद आहे, तर फॉरबिड हे जुन्या इंग्रजीतले. आईबाप मुलांना फॉरबिड करतात, धर्म अनुयायांना करतो. संविधानाच्या मराठी पाठात ‘फॉरबिडन’च्या जागी ‘निषिद्ध’ आहे आणि तोही विधिनिषेधाच्या, शास्त्राच्या भाषेतला शब्द. ज्या भाषेने माणसाचा स्पर्श निषिद्ध ठरवला, त्याच भाषेत ती रूढी निषिद्ध ठरली.

ही मनाई कोणावर आहे, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. 15व्या अनुच्छेदाचा पहिला खंड ‘राज्य भेदभाव करणार नाही’ असे म्हणतो. म्हणजे तो सरकारला बांधतो. 17व्या अनुच्छेदात कर्ताच नाही. त्यामुळे चहाच्या टपरीचा मालक, देवळाचा विश्वस्त, घर भाड्याने देणारा, गावकीचा कारभारी असे सगळेच त्याच्या कक्षेत येतात. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा नझिरुद्दीन अहमद यांनी वेगळी शब्दरचना सुचवली आणि के. टी. शहा यांनी अस्पृश्यतेची व्याख्याच दिलेली नाही याकडे लक्ष वेधले. सभेने मसुदा आहे तसा स्वीकारला. ते योग्यच झाले. व्याख्येत अडकवली असती, तर या रूढीने व्याख्येबाहेरची नवी रूपे सहज शोधली असती.

मनाईचे हत्यार कोणाच्या हाती आहे, यावर किती अवलंबून असते हे महाराष्ट्राने महाडमध्ये पाहिले आहे. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथले पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी महाडला भरवलेल्या परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून बाबासाहेबांविरुद्ध तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारोंनी तो पाळला. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च 1937 उजाडला.

ठराव होता, तो पाळायला लावणारे कोणी नव्हते. मनाई हुकूम मात्र तत्काळ लागू झाला. हा फरक आजही मिटलेला नाही.

1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला, 1976 मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, 1989 मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. अस्पृश्यतेचेच एक रूप असलेल्या, हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर 1993 मध्ये आणि अधिक कडकपणे 2013 मध्ये बंदी आली. मात्र 2013 च्या कायद्यात गटार आणि सेप्टिक टँकची ‘धोकादायक सफाई’ म्हणजे सुरक्षा साधने न देता करवून घेतलेली सफाई. अनुच्छेदातल्या बिनशर्त मनाईला इथे अट चिकटली. हातमोजे आणि मास्क दिल्याचे कागदावर दाखवले की माणूस खाली उतरवायला वाट मोकळी होते.

ही अट काढून टाकली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातील मृत्यूसाठी भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसांकडून गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. पुणे, नागपूर, नाशिक, तसेच प्रत्येक नगरपरिषदेने वेगळ्या आदेशाची वाट का पाहावी? राज्य सरकारने यंत्रसामग्रीसाठी निधी द्यावा. टाकी साफ करण्याचे काम नोंदणीकृत यंत्राच्या गाडीखेरीज कोणालाही देता येणार नाही, असा नियम गृहनिर्माण सोसायट्यांना लावावा. कामाच्या आदेशावर कंत्राटदार, सोसायटीचा पदाधिकारी आणि प्रभागाचा अभियंता यांची नावे असावीत. कोणी आत गुदमरून मेला, तर गुन्हा ‘अज्ञात’ व्यक्तीवर नोंदवता कामा नये. तो त्या तीन नावांवर नोंदवला गेला पाहिजे.