शिकवायलाही शिकावं लागतं

एफवायबीएस्सीची एक मुलगी रोज लेक्चर संपल्यावर लायब्ररीच्या पायरीवर माझी वाट बघायची. मी तेव्हा एसवायला होते. ती दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली; अकरावी-बारावी इंग्रजीतून, पाठांतरावर कशीबशी काढलेली. वर्गात गप्प असायची. ‘आपा, एवढं एक सांगा ना,’ म्हणत वही पुढे करायची. मी पेन घ्यायचे, पाच मिनिटांत गणित सोडवायचे आणि वही परत द्यायचे. तिला समाधान वाटायचं. मला त्याहून जास्त.

सेमिस्टरला तिला तीन विषयांत केटी लागली. पुढच्या जूनमध्ये ती कॉलेजात दिसलीच नाही. तिची एक वही माझ्याकडे राहिली होती. उघडून पाहिली, तर त्यात तिच्या हातची फक्त तारीख आणि प्रश्न होता. बाकी सगळं अक्षर माझं होतं.

ती केवळ माझ्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. घरची ओढाताण होती, लग्नाची बोलणीही चालू होती. पण वर्षभर मी जे करत होते त्याला शिकवणं म्हणत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगण्याची व्यवस्थाच आपल्या कॉलेजांत नाही, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांतही नाही.

शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या जलशांत ‘इकरा’चा दाखला दिला जातो, मग स्कॉलरशिप, वसतिगृह आणि आरक्षणावर भाषणं होतात. ती व्हायलाच हवीत. पण हे सगळे प्रश्न दारातून आत येण्याचे आहेत. आत आलेला विद्यार्थी टिकतो कसा, यावर आपण फार कमी बोलतो. 2011च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिमांचं प्रमाण 14.2 टक्के आहे. केंद्र सरकारच्या 2020-21च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मात्र मुस्लिम विद्यार्थी अवघे 4.6 टक्के होते आणि त्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटलेली होती. एवढ्या थोड्यांतला एकेक जण महत्त्वाचा आहे.

आत आल्यावर पहिली अडचण येते ती भाषेची. उर्दू शाळेत ज्याला ‘मुसल्लस’ म्हटलं तो मराठीत त्रिकोण होतो आणि कॉलेजात ट्रँगल. ‘ज़ाविया’चा कोन होतो आणि मग अँगल. मुलाला कल्पना माहीत असते, तिचं नाव बदललेलं असतं. प्राध्यापकाला हे कळायला मार्ग नसतो. ते कळतं एक-दोन वर्षं पुढे असलेल्या, त्याच वाटेने आलेल्या मुलाला किंवा मुलीला. म्हणून सहाध्यायी मार्गदर्शकाची जागा दुसरं कुणी भरू शकत नाही. ज्याला सरांपुढे ‘समजलं नाही’ म्हणायची लाज वाटते, तो भाईपुढे किंवा बाजीपुढे ते सहज म्हणतो. ज्या घरातून मुलीला संध्याकाळच्या क्लासला पाठवत नाहीत, तिथे शेजारच्या बाजीकडे पाठवायला हरकत नसते.

पण नुसती आपुलकी पुरत नाही, हे त्या वहीने मला शिकवलं. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हा आपला मोठा गैरसमज आहे. हुशार विद्यार्थी बहुतेक वेळा उत्तर सांगून टाकतो, कारण समोरचा अडखळताना बघणं त्याला सहन होत नाही. समोरचा मान हलवतो आणि दोघांनाही वाटतं, झालं.

अमेरिकेत कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन ही संस्था 1980च्या दशकाच्या अखेरीपासून कॉलेजांच्या ट्यूटर-प्रशिक्षण कार्यक्रमांना प्रमाणपत्र देते. पहिल्या पातळीसाठी किमान 10 तासांचं प्रशिक्षण आणि 25 तासांचं प्रत्यक्ष शिकवणं लागतं. पुढच्या दोन पातळ्याही अशाच चढत जातात. 10 तास म्हणजे जेमतेम दोन रविवार. त्यात काय शिकवतात? बैठकीची सुरुवात आणि शेवट कसा करायचा. उत्तर देण्याऐवजी प्रश्न कसा विचारायचा. प्रश्न विचारल्यावर गप्प कसं बसायचं. ‘समजलं का?’ न विचारता ‘आता तू मला सांग’ असं का म्हणायचं. दुसऱ्याची असाइनमेंट का लिहून द्यायची नाही. कुणी आपल्या घरची गोष्ट सांगितली तर ती आपल्यापाशीच का ठेवायची. आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, इथे प्राध्यापक किंवा समुपदेशक हवा, हे कसं ओळखायचं. पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहिलं पाहिजे, एवढी एक गोष्ट मला वेळेवर कळली असती तरी खूप होतं.

हे परदेशी खूळ वाटत असेल त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. मध्ययुगात बगदाद, दमास्कस, कैरोच्या मदरशांत ‘मुईद’ नावाचं पद होतं. उस्तादांचा धडा झाल्यावर तो पुन्हा समजावून सांगणं, मागे पडलेल्यांना हाताशी धरणं हे मुईदचं काम. त्याचं मानधन वक्फच्या उत्पन्नातून दिलं जाई. आणि ‘इजाज़त’ही होती: हा ग्रंथ शिकवायला तू आता लायक झालास, अशी उस्तादाने दिलेली परवानगी. आजही मदरशांत धड्यानंतर मुलं गोल करून ‘तकरार’ करतात. म्हणजे सोबतीने शिकणं, त्यासाठी नेमलेला माणूस आणि शिकवण्याच्या लायकीचा दाखला, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे होत्या. महाराष्ट्रात तर आणखी जवळचा दाखला आहे. सावित्रीबाई फुल्यांनीही वर्गावर उभं राहण्याआधी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. दर जानेवारीत सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांचं स्मरण करताना ही बाजू आपण विसरतो.

आता आक्षेप. पहिला: ‘आणखी एक सर्टिफिकेट कशाला? फाइलमध्ये आधीच ढीग आहे.’ आक्षेप खरा आहे. दोन तास बसवून, फोटो काढून वाटलेला कागद नकोच. पण तास मोजलेले असतील, शिकवताना कुणी अनुभवी माणसाने बसून पाहिलेलं असेल आणि काय सुधारायचं ते सांगितलेलं असेल, तर त्या कागदाला वजन येतं. एनएसएसमध्ये दोन वर्षांत 240 तास काम केलं की प्रमाणपत्र मिळतं आणि कुणी त्याला खूळ म्हणत नाही. झाडं लावण्याचे तास मोजले जातात, मग ज्युनिअरला केटीतून बाहेर काढण्याचे का नाहीत?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरायच्या सोडून मुलांनाच शिकवायला लावणार?’ ही भीती निराधार नाही. मद्रासच्या एका अनाथाश्रमात मुलांनी मुलांना शिकवण्याचा प्रयोग करून अँड्र्यू बेलने 1797 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढे इंग्लंडात गरिबांची शाळा स्वस्तात चालवायला हीच पद्धत वापरली गेली. म्हणूनच मर्यादा लिहून ठेवलेली हवी. सहाध्यायी मार्गदर्शक वर्ग घेणार नाही, मार्क देणार नाही, रिकाम्या जागेवर उभा राहणार नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शालेय टप्प्यासाठी का होईना, सहाध्यायी शिकवणीची शिफारस करताना ती प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावी असं म्हटलं आहे. प्रशिक्षणामुळे ही मर्यादा शिकवणाऱ्यालाही कळते.

फायदा शिकणाऱ्याचा आहे, तसा शिकवणाऱ्याचाही. दुसऱ्याला विचारता यावं म्हणून विषय पुन्हा मुळापासून समजून घ्यावा लागतो. ‘मी ज्युनिअरना शिकवायचे’ हे वाक्य मुलाखतीत हवेत विरतं. ‘10 तास प्रशिक्षण, 25 तास काम, कॉलेजची सही’ हे टिकतं. ज्या मुलीला नोकरीचा अनुभव कुठून आणायचा हा प्रश्न आहे, तिच्यासाठी ही पहिली नोंद ठरू शकते. आणि अभ्यासिकेचा फायदा असा, की एक हुशार भाई पास होऊन पुण्या-मुंबईला गेला म्हणून तिथलं काम बंद पडत नाही. पद्धत मागे राहते.

मग करायचं काय? तुम्ही कॉलेजात असाल तर चार-पाच जण मिळून प्राचार्यांना अर्ज द्या: जुलैत 10 तासांचं प्रशिक्षण, प्रत्येकाला नोंदवही, एक देखरेख करणारे प्राध्यापक आणि वर्षअखेर तासांनुसार प्रमाणपत्र. जिथे एनएसएस आहे तिथे हे तास त्यात धरायची मागणी करा. श्रेयांकाच्या हिशेबात 30 तासांच्या प्रात्यक्षिकाला एक क्रेडिट मिळतं, हेही अर्जात लिहा. बीएड कॉलेज जवळ असेल तर तिथले प्राध्यापक दोन रविवार देऊ शकतात. मोहल्ल्यातल्या जमातींनी आणि ट्रस्टनी बक्षीस समारंभातल्या ट्रॉफ्या थोड्या कमी करून मार्गदर्शकांना प्रवासखर्च आणि छोटं मानधन द्यावं. मुईदलाही ते मिळायचं. आपल्या चळवळीने उर्दू, मराठी आणि इंग्रजी संज्ञांची विषयवार यादी तयार करावी, म्हणजे प्रत्येक बाजीला ती नव्याने करावी लागणार नाही.

आणि हे फक्त आपल्या मुलांपुरतं ठेवू नका. मराठी माध्यमातून आलेली आदिवासी पाड्यावरची मुलगी ‘त्वरण’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’च्या मध्ये तशीच अडकते, जशी माझी ज्युनिअर अडकली होती. तिच्या शेजारी बसून एखादी हिजाबवाली मुलगी तिला प्रश्न विचारत असेल, तर त्या बाकावर दोघींचंही शिक्षण होतं.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. आता कुणी ज्युनिअर वही पुढे करतो, तेव्हा मी हात मागे घेते आणि विचारते, ‘तुला यातलं कुठपर्यंत कळलं, ते आधी सांग.’ थोडा वेळ शांतता असते. मग तो पेन उचलतो.