फ्रिजला ताप आला

दोस्तांनो, मागच्या वेळी आपण सायकलच्या पंक्चरपाशी बसलो होतो. आजचं प्रकरण जरा मोठं आहे. चाकं याही वेळी आहेत, पण त्यांच्यावर आख्खं घर आहे!

माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे अकोल्याच्या दादाने, एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि आरटीओची रीतसर परवानगी काढून तिचं घर केलं. मागे झोपायला फळ्या, मध्ये ओटा, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. आणि ओट्याखालच्या लाकडी कपाटात, अगदी मापात बसवलेला, बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज.

हा फ्रिज काही आइस्क्रीमसाठी नव्हता बरं का. आमच्या आईला, म्हणजे घरातल्या पोरांच्या आजीला, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. न उघडलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात. गोठल्या तर वाया, तापल्या तरी वाया. अन् मे महिन्यातला अकोल्याचा पारा तर तुम्हाला ठाऊकच आहे. 45 म्हणजे तिथे ‘आज बरं आहे’!

सुट्टीत सगळ्यांनी चिखलदऱ्याला जायचं ठरलं. निघायला चार दिवस असताना फ्रिज बंद पडला. दादा म्हणाला, “बिघडला त बिघडला, नवा आनू!” जुना भंगारवाल्याला दिला. अमरावतीहून नवा आणला. दादाने पेचकस घेतला, बॅटरीची वायर काढली, चार स्क्रू काढले, नवी पेटी आत सरकवली, लाल वायर लालला, काळी काळीला. तासाभरात काम फत्ते. आतला दिवा लागला, मशीन गुरगुरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री साडेदहाला नवा फ्रिजही बंद! दिवा लागायचा, मशीन एकदा ‘हुं’ करायचं आणि गप्प व्हायचं.

“काहून रे, माह्यं औषध थंडं हाय ना?” आजीने विचारलं. कुणी बोलेना. मग तिनेच बाटल्या झाकणाच्या डबीत घालून डबी माठात ठेवायला लावली. माठ एका मोठ्या कुंडीत, दोहोंच्या मध्ये ओली रेती. आपल्या वऱ्हाडात हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठाला फ्रिजची सर नाही येत, पण रात्र निभावली.

सकाळी दादा दुकानदाराशी भांडायला निघाला. त्याची मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, “बाबा, थांबा न. दोन्ही फ्रिज एकाच जागी, एकाच रोगानं कसे मेले?” मला हा प्रश्न फार आवडला. मी मल्टीमीटर काढला.

बॅटरीवर मोजलं: 12.5 व्होल्ट. फ्रिजच्या टोकाशी मोजलं: तिथेही 12.5. “पाह्य, वायर ठीक हाय,” दादा म्हणाला. पण तेव्हा फ्रिज बंद होता! वायरमधून वीज वाहतच नव्हती, तर कमी कशी होईल? गच्चीवरच्या टाकीला लांबलचक बारीक नळी जोडा. तोटी बंद असेल तर नळीत जोर पुरता असतो. तोटी सोडली, की मात्र धार करंगळीएवढी. पोरीने फ्रिज सुरू करायला लावला आणि मीटरवर डोळे ठेवले. आकडा घसरला तो थेट 10.4 वर. असे फ्रिज साधारण साडेदहाच्या आसपास आले, की बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून स्वतःच बंद होतात. म्हणजे फ्रिज शहाणा होता, वायर कच्ची होती!

वायर निघाली 1 चौरस मिलिमीटरची. बॅटरी गाडीच्या पुढे, ओटा मागे. जाऊन-येऊन 14 मीटर. एवढ्या तांब्याचा अडथळा होतो जवळजवळ पाव ओहम. फ्रिज 5 अँपिअर ओढतो. आता गुणाकार करा: सव्वा व्होल्टच्या आसपास तर वाटेतच गडप! वरून एक जोड हिरवा पडलेला. चालू होताना मशीन आणखी जास्त ओढतं, ते वेगळंच. शेतातली मोटार कमी व्होल्टेजवर कशी कण्हते, ते खेड्यातल्या दोस्तांना सांगायला नको.

आम्ही 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवला. (12 व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून हसू नका. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, की वायर लालबुंद होऊन गाडी पेटू शकते. म्हणून आधी बॅटरी सोडवायची, आणि मोठं माणूस शेजारी हवंच. घरातल्या 230 व्होल्टच्या बोर्डाला तर हातच लावायचा नाही.)

दुसरा रोग कपाटातच होता. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या बाजूला टाकतो. कपाट चारी बाजूंनी बंद, म्हणजे तो स्वतःच्याच गरम श्वासात कोंडलेला! आम्ही खाली एक आणि वर एक अशी भोकं पाडून जाळ्या बसवल्या. गरम हवा वर चढते, वरून निघून जाते, खालून नवी येते. पंख्याची गरज पडली नाही.

परदेशातल्या घरगाड्यांमध्ये ज्योतीवर चालणारे फ्रिजही असतात. स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, 1922 मध्ये ते शोधले. आग लावून थंड करायचं! पण तेही गाडी तिरकी उभी राहिली किंवा मागची हवा कोंडली, की रुसतात.

चौथ्या दिवशी अकोट, परतवाडा करत घाट चढलो. वळणावर डबे गडगडले, फ्रिज जागचा हलला नाही. वर पोचल्यावर आतला थर्मामीटर पाहिला: 5 अंश. आजीने इंजेक्शन घेतलं आणि चहा मागितला.

दादा मात्र गावी परतल्यापासून त्या भंगारवाल्याला शोधतोय.