अँटिबॉडी उतरल्या म्हणे!

परवा हापिसात जेवताना पुन्हा तोच विषय. "ती एमआरएनएवाली लस फुसकी निघाली यार, सहा महिन्यांत अँटिबॉडी उतरतात!" बोलणारा आमचा टीम लीड. दिवसभर सर्व्हरचे ग्राफ बघतो हा माणूस. रात्री ट्रॅफिक कमी झालं म्हणून एखादा ज्युनियर "सिस्टिम मेली" म्हणाला तर त्याला कच्चा खाईल. तिथे गप्प बसलो (अप्रेझल जवळ आलंय), म्हणून इथे लिहितोय.

अरे बाबा, उतरणारच! लस टोचल्यावर सुरुवातीला धडाधड अँटिबॉडी ओतणाऱ्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात, आणि रक्तातली आयजीजी अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. आजवरच्या प्रत्येक सर्दी-तापाच्या अँटिबॉडी शिखरावरच राहिल्या असत्या तर एव्हाना रक्ताची काकवी झाली असती. शिवाय हा उतार आधी झपाट्याने, मग सावकाश असतो. मॉडर्नाच्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनीही अँटिबॉडी सापडल्या होत्या. आणि खरी गंमत रक्तात नाहीच. २०२१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी फायझर घेतलेल्यांच्या काखेतल्या लिम्फ नोडमधून सुईने नमुने काढले. दुसऱ्या डोसनंतर १२ आठवड्यांनीही तिथे बी पेशींची तालीम चालू होती! त्यातून तयार होणाऱ्या मेमरी पेशी गरज पडली की पुन्हा अँटिबॉडी बनवतात. लॅबच्या रिपोर्टात त्या दिसतच नाहीत.

पण दुसऱ्या बाजूलाही माफी नाही. लस घेतली की संसर्गच होत नाही, असं २०२१ च्या वसंतात अमेरिकेत मोठमोठी माणसं सांगत होती. जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाऊनला ४६९ जणांना कोविड झाला, त्यातले तीन चतुर्थांश पूर्ण लस घेतलेले. ॲडमिट किती? पाच. मृत्यू शून्य. लशीची बाजू सांगायला हे पुरेसं होतं, पण आधी भलतं वचन दिल्यामुळे तीच बातमी लशीवर उलटली. आणि २०२४ मध्ये एमोरी विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की एमआरएनए लशीनंतर अस्थिमज्जेत दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी नीट रुजत नाहीत. हेही लपवायचं कारण नाही. धनुर्वाताच्या लशीइतका टिकाऊपणा इथे नाही, म्हणून तर बूस्टर.

माझं डोकं एवढं का फिरतं? मी तेव्हा अमेरिकेत एमएस करत होतो, मामा न्यू जर्सीत. वय ७१, फायझरचे दोन डोस घेतलेले. सप्टेंबर २०२१ मध्ये पासष्टीपुढच्यांना बूस्टर मंजूर झाला, तर ह्यांनी आधी हौसेने अँटिबॉडी टेस्ट केली. आकडा एप्रिलच्या मानाने पार खाली. "बघ रे, पाणीच टोचलं. आता तिसऱ्यांदा कशाला फसू?" लशीचा परिणाम तपासायला ही टेस्ट वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने मे महिन्यातच सांगितलं होतं. मी ते फोनवर वाचून दाखवलं. "तू कॉम्प्युटरवाला, तुला काय कळतं?" संपला विषय.

जानेवारीत ओमिक्रॉन आला. मामा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. बूस्टर घेतला असता तर टळलंच असतं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण त्या वयात शक्यता नक्कीच कमी झाली असती, आणि ती त्यांनी एका आकड्याच्या नादात घालवली. मामा बरे झाले, बूस्टरही घेतला. मामी अजून त्यावरून त्यांना टोमणे मारते.

असो. लीडला ही लिंक पाठवतो... अप्रेझल झाल्यावर.