तपासणी झाली, पण किती दिवसांनी?

मेंटेनन्सचा खर्च कापणं म्हणजे तपासणी टाळणं, असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा फक्त दोन तपासण्यांमधलं अंतर वाढवलं जातं. विमान हँगरमध्ये कमी, हवेत जास्त राहतं आणि पैसा वाचतो.

31 जानेवारी 2000 ला अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट 261 कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे 88 जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणारा जॅकस्क्रू एका नटमध्ये फिरतो. ग्रीस पुरेसं नसल्याने त्या नटचे आटे झिजून गेले होते.

आता आकडे बघा. 1987 मध्ये ग्रीसिंग दर 500 उड्डाण-तासांनी व्हायचं. 1996 पर्यंत ते 8 महिन्यांवर, म्हणजे साधारण 2,550 तासांवर गेलं. झीज मोजण्याची तपासणीही 5,000 वरून सुमारे 9,550 तासांवर गेली. अमेरिकेच्या एफएएची याला मंजुरी होती.

गोम इथेच आहे. एखादं ग्रीसिंग चुकलं तरी पुढची पाळी किंवा झीजेचं मोजमाप ते सावरून घेतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, इथे बॅकअप आणि अलर्ट दोन्ही लांबणीवर टाकले गेले. म्हणून 'सगळं शेड्यूलप्रमाणे झालं' एवढं उत्तर पुरत नाही. ते शेड्यूल कोणत्या डेटावर लांबवलं, हेही विचारायला हवं.